साल सुटण्याचे दिवस

तळ्यावरचा बर्फ आता पांढरा उरला नाही,
शिसपेन्सिलीसारखा करडा झालाय.
काठाशी त्याच्या सुया सुटतात,
एकमेकींवर आपटून किणकिणतात,
दूर कुणाच्या घरात चमचे धुतायत असं वाटतं.

टावेत्ती आजोबा म्हणाले, हेच ते दिवस.
(माझे आजोबा नाहीत ते, पलीकडच्या घरातले.)
त्यांच्या उजव्या हाताला साडेचार बोटं.
अर्धं कुठे गेलं विचारलं की दर वेळी वेगळं सांगतात :
करवतीनं खाल्लं,
थोराड माशानं खाल्लं.
एकदा म्हणाले, मीच खाल्लं, भूक लागली होती.

ओढ्याकाठी गेलो.
डाव्या बुटात कालचं पाणी होतं,
तो दर पावलाला पचक म्हणायचा,
उजवा गप्प.
वाळुंजाला लवलवीत कळ्या आल्यात,
आम्ही त्यांना मांजरं म्हणतो.
एक मांजर नाकाखाली फिरवलं,
शिंक आली, ओठावर पिवळी धूळ.

फांदी हवी करंगळीहून जाड,
अंगठ्याहून बारीक,
आणि मध्ये एकही डोळा नको.
चाकू अंगापासून लांब चालवायचा
हे मला चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.
आई म्हणते, तिला तीनची असल्यापासून.

तोंडाशी तिरका काप. वर खाच.
खाली गोल फिरवून एक रेघ, फक्त सालीपुरती.
मग फांदी तोंडात घोळवून ओली करायची.
कडू!
तापाच्या गोळीसारखी कडू,
आणि कडूच्या मागून काहीतरी हिरवं,
जणू वासच जिभेवर येऊन बसलाय.

आता चाकूच्या मुठीनं ठोकायचं.
टक टक टक टक.
दारावर ठोकतो तसं नाही,
बाळाला थोपटतो तसं, पण लाकडानं.
सगळ्या बाजूंनी.
जिथे राहील तिथेच फाटेल.

पहिली फाटली.
दुसरी फाटली.
तिसरी मी रागानं ओढ्यात भिरकावली,
ती मजेत तरंगत गेली.
आजोबा काही बोलले नाहीत,
साखरेचा खडा कॉफीत बुडवून
माझ्यापुढे धरला.

चौथीच्या वेळी
ठोकता ठोकता विसरूनच गेले की मी ठोकतेय.
वरून क्रौंचांची रांग ओरडत गेली,
मान वर केली नाही.
मूठ आवळली, पिळलं,
आणि आत बारीक 'चुक' झालं,
बरणीचं झाकण पहिल्यांदा उघडतं तसं.

साल अख्खी निघाली, हातमोज्यासारखी.
आतली काडी पांढरी, बुळबुळीत,
मासोळीगत निसटू पाहणारी.
मी चाटली.
गोड.
इतक्या कडूच्या आत हे कुणी ठेवलं,
आणि मला आधी का नाही सांगितलं?

काडीचा पापुद्रा काढला, वारा जाईल एवढा,
साल परत चढवली,
फुंकलं.

आवाज आला.
सर्दी झालेल्या बदकाचा म्हणा हवं तर.
पण ओढ्यापलीकडे रेम्मू कुत्र्यानं
भाकरीचा तुकडा तोंडातून सोडला
आणि मान तिरकी केली.

संध्याकाळी आईनं खिडकी उघडून सांगितलं, पुरे.
तेव्हा माझं एकशेसाठ वेळा वाजवून झालं होतं.
रात्री पिपाणी पेल्यातल्या पाण्यात ठेवली,
कवळी ठेवतात तशी.
तरी चौथ्या दिवशी ती आक्रसली
आणि मुकी झाली.

म्हणून आज परत ओढ्यावर.
आज धाकटा उर्होही आहे.
त्याच्या हातात चाकू नाही, नुसता लाकडाचा तुकडा,
आणि त्याला घाई.
हळू, मी म्हटलं, दार नाहीये ते.

साल सुटली.
काडी मी त्याच्या हातात दिली.
चाट, असं म्हणाले नाही.
तो तिच्याकडे बघतोय,
मी त्याच्याकडे.